नाल्यावरची रुई

शनिवार, सकाळी साडेआठ ते नऊ.
घणसोलीच्या नाल्याच्या भिंतीलगत रुईची अकरा झुडपं
आणि मी, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही घेऊन.
केशरी पंख, काळी कड, टोकाशी पांढरे ठिपके,
असं दिसलं की एक रेघ.
चार उभ्या, पाचवी आडवी,
दूधवाल्याच्या हिशोबासारखी जुडी.

पहिल्या वर्षी सात जुड्या.
नंतर चार.
यंदा दोन रेघा, त्याही बहुधा
एकाच फुलपाखराच्या, फिरून परत आलेल्या.

विचारत सुटले.
सोसायटीचा माळी म्हणाला, लॉन आलं ना ताई,
आता तण दिसलं की माझाच पगार कापतात.
निनाद मोबाइलवर वाचून सांगायचा:
आई, यांचे चुलते तिकडे अमेरिकेत, मोनार्क,
हजारो मैल उडून मेक्सिकोच्या डोंगरात थंडी काढतात,
तेही कमी झालेत,
आणि का, ते तिथल्या शास्त्रज्ञांनाही
एका वाक्यात सांगता येत नाही.
तणनाशक असेल, तोडलेलं रान असेल, चुकलेलं हवामान असेल.
'असेल' एवढाच शब्द मी वहीत लिहिला.
खाली जागा सोडली.

गोठिवलीच्या मारुतीबाहेर पोशाबाय बसते,
रुईच्या माळा, वीस रुपयांना एक.
"बाय, रुय ऱ्हायलीय कुठं आता?
नाल्यावरची कवाच सपली.
डोंगरापातूर चालत जाते मी."
चीक वाळून तिची बोटं काळी पडलेली.
पानाच्या खालच्या अंगाला राईहून बारीक
पांढरं अंडं असतं, हे मी तिला सांगितलं नाही.
तिच्या चुलीशी माझं काय भांडण?
आणि देवाला तरी कुठे ठाऊक,
त्याच्या गळ्यात किती पाळणे टांगलेत.

वहीचं शेवटचं पान मात्र
उलटं धरून लिहिलंय, दवाखान्यात, मांडीवर.
सोमवार, एक लाख दहा हजार. मंगळवार, चौसष्ट.
बुधवारी रात्री एकोणतीस.
निनादच्या प्लेटलेट्स.
गुरुवारी सकाळी वॉर्ड ऑफिसला फोन मीच केला.
तीनदा. तिसऱ्यांदा ओरडले.
संध्याकाळी धुराचं मशीन खांद्याला लावून
एक पोरगा आला, नाकाला रुमाल बांधलेला.
मी खिडकीतून हात करत राहिले:
तिकडे मार, नाल्याकडे,
त्या झुडपांत, अजून मार.
धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला.
मला तो देवघरातल्या धुपासारखा वाटला.

निनाद घरी आला.
पपईच्या पानांच्या रसाला तोंड वाकडं करू लागला
तेव्हा कळलं, बरा झाला.
तो शनिवार वहीत कोरा आहे.

पुन्हा तशी वेळ आली तर
पुन्हा फोन करीन.
हेही लिहून ठेवते,
उगाच माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज नको.

गेल्या शनिवारी पुजाऱ्याने माळेतून काहीतरी
चिमटीत धरून पायरीवर टाकलं.
काळे, पांढरे, पिवळे पट्टे,
पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या.
रुमालात घेऊन आले.
निनादच्या शाळेच्या डब्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडून.
पण याला जेवायला काय?
कोथिंबीर, पालक, काही म्हणजे काही नको.
कुळाचाराइतकं कडक: रुई, नाहीतर उपास.

पोशाबायकडे माळ मागितली.
"देवाला?"
हो म्हटलं.

रोज दोन पानं दोऱ्यातून सोडवते, धुते, पुसते.
ते आधी पानाच्या शिरा कुरतडतं,
चीक गळून जाऊ देतं,
मग सावकाश जेवायला बसतं.
मी ऑफिसला उशिरा पोचते.

काल झाकण उघडलं, तर आतून उलटं टांगलेलं,
पोपटी, गळ्याशी सोन्याचे ठिपके,
डब्यातल्या जुन्या लोणच्याच्या वासात.
निनाद म्हणतो, आठ-दहा दिवस लागतील.
बाहेर आलं तर सोडायचं कुठे?
पोशाबायला विचारायला हवं,
डोंगराची वाट कुठून जाते ते.